हक्काचं छप्पर, हक्काचा आधार
इंदूरमधल्या मानसिक रुग्णांच्या कुटुंबांनी जवळ ठेवावी अशी माहिती

▪ उपचार : बाणगंगा येथील शासकीय मानसिक रुग्णालय. फोनवर सल्ला हवा असल्यास ‘टेलि-मानस’ : 14416 (विनामूल्य).

▪ घर : मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 19. घरचे स्वीकारत नाहीत किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. घरच्यांनी टाकून दिलेल्या रुग्णाला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी सरकारने मदत करायची आहे.

▪ दिव्यांगत्व प्रमाणपत्र : दीर्घ मानसिक आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. तपासणीत अंघोळ-जेवण स्वतःचं स्वतः होतं का, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि कामधंदा कसा आहे, हे विचारतात. रुग्ण अनेकदा ‘सगळं ठीक’ म्हणतो. म्हणून रोजची काळजी घेणाऱ्याने सोबत जावं, जुने केसपेपर न्यावेत.

▪ पेन्शन व सवलती : बहुतेक योजनांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी काढा.

▪ वकील : विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत, हेल्पलाइन 15100.

ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. निःसंकोच मागा.