पाऊल नसलेला मोजा

मागच्या व्याख्यानात वस्तूचा उपयोग आणि वस्तूचा अर्थ यांतला फरक आपण पाहत होतो. उदाहरणं फार जड झाली, अशी तक्रार आली. म्हणून आज अगदी लोकरीचं उदाहरण घेऊ: लेग वॉर्मर.

लेग वॉर्मर म्हणजे पाऊल नसलेला मोजा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत जाणारी विणलेली नळी. नावावरून वाटतं की ती पाय गरम करते. पण लोकर म्हणजे काही शेगडी नव्हे. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा उष्णता चटकन बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. म्हणजे उष्णता आधी दुसरीकडून यायला हवी, आणि ती येते स्नायूंतून. स्नायू काम करताना जी ऊर्जा खर्च करतो, तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन जातो. तापलेला स्नायू अधिक वेगानं आकुंचन पावतो, अधिक जोर देतो. काम थांबलं की ही ऊब उतरू लागते.

तेव्हा लेग वॉर्मरची खरी वेळ कोणती? थांबण्याची. बॅलेच्या तालमीत नर्तकी नाचते त्याहून जास्त वेळ कधीकधी नुसती उभी असते, आपली पाळी येईपर्यंत. कमावलेली ऊब तेवढा वेळ सांभाळायची असते. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून पायांत चढवणं ही तिथली जुनी युक्ती. गंमत म्हणजे पुष्कळ शिक्षक ते काढायला लावतात, कारण लोकरीआड गुडघा सरळ आहे की नाही ते दिसत नाही.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या ट्रॅक सायकलपटूंनी सराव आणि शर्यत यांच्या मधल्या वेळात बॅटरीवर तापणाऱ्या विजारी घातल्या होत्या. इथं मात्र कापडाला खरोखरच शेगडी जोडली! रस्त्यावरच्या सायकलस्वाराचा लेग वॉर्मर आणखी वेगळा, लायक्राचा, मांडीला घट्ट बसणारा. चढावर अंग तापतं, उतारावर वारा झोंबतो. म्हणून वाटेत सहज काढता येईल अशी विजारीची वेगळी बाही.

आता फॅशनकडे येऊ. १९८०चा 'फेम', १९८३चा 'फ्लॅशडान्स', शिवाय मधल्या काळात जेन फोंडाच्या व्यायामाच्या व्हिडिओ कॅसेटी. 'फ्लॅशडान्स'मधली मुलगी पिट्सबर्गमध्ये दिवसा वेल्डिंग करते, रात्री नाचते. या लाटेत अमेरिकेतल्या मुली जीन्सवर, उंच टाचांच्या बुटांवरही लेग वॉर्मर घालू लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना कुठंही नाचायचं नव्हतं.

आम्ही तेव्हा याला बिनबुडाचं अनुकरण म्हणून हसलो असतो. आज तसं वाटत नाही. बघा ना, रंगमंचावरचा झुळझुळीत झगा रस्त्यावर आला नाही. आला तो तालमीतला, प्रेक्षकाला कधी न दिसणारा कपडा. 'मी नर्तकी आहे' असं तो सांगत नव्हता, 'मी मेहनत करते आहे' असं सांगत होता. उपयोग गळून पडला, तरी त्या उपयोगाची आठवण अर्थ म्हणून शिल्लक राहिली. ऊब नाही, उबेची खूण.

मात्र खूण आणि ऊब यांची गल्लत झाली की शरीराला त्याची किंमत मोजावी लागते. लोकर घातली की कातडीला लगेच उबदार वाटतं, आणि आपण समजतो की स्नायू तयार झाला. तो झालेला नसतो. पायांत लेग वॉर्मर आहेत म्हणून सराव टाळून थेट उडी मारणारा नर्तक पोटरी दुखावून घेऊ शकतो.

आमच्या वयाच्या श्रोत्यांपैकी एका बाईंनी विचारलं होतं, सकाळी फिरायला जाताना घालावेत का? जरूर घालावेत. पण पहिली दहा मिनिटं सावकाश चाला. आणि परत येऊन बाकावर गप्पा मारत बसता ना, तेव्हा काढू नका. त्यांचं काम तिथंच सुरू होतं.

आता प्रश्न घेऊ.