घरगुती संगणकाचे हार्डवेअर

घरगुती संगणकाचे हार्डवेअर म्हणजे घरात वापरला जाणारा वैयक्तिक संगणक ज्या भौतिक भागांपासून बनतो, त्या भागांचा समूह होय. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवण उपकरणे, वीजपुरवठा संच, कॅबिनेट, मॉनिटर, कळफलक व माऊस हे त्याचे प्रमुख घटक आहेत. या घटकांकडून काम करून घेणाऱ्या आज्ञावलींना सॉफ्टवेअर म्हणतात. संगणकाची उपयुक्तता एखाद्या भागाच्या किमतीवर अवलंबून नसते. सर्व भाग एकमेकांशी जुळणारे असणे, ते अपेक्षित कामाला पुरेसे असणे आणि स्थानिक हवामानात व वीजपुरवठ्यावर टिकणारे असणे या तीन गोष्टींवर ती ठरते. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजारसारख्या वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी यांपैकी तिसरी गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

इतिहास

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक सादर केला. त्यात ४.७७ मेगाहर्ट्झ गतीचा इंटेल ८०८८ प्रोसेसर होता. या संगणकाची रचना बहुतांशी खुली असल्यामुळे इतर उत्पादकांना त्याच्याशी जुळणारे भाग बनवता आले. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र जोडून तयार केलेला ‘असेंबल्ड’ संगणक हे याच खुलेपणाचे फळ आहे. १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स मानकाने मदरबोर्ड, कॅबिनेट व वीजपुरवठा संच यांची मापे ठरवून दिली. आजही बहुसंख्य डेस्कटॉप संगणक त्याच मानकाच्या कुटुंबातील आहेत.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणानंतर संगणक व त्यांच्या भागांची आयात सुलभ झाली. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाऊ लागली. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर हे वऱ्हाडातील, अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा गावचे. त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. एकच अतिशक्तिमान प्रोसेसर वापरण्याऐवजी अनेक प्रोसेसर समांतर चालवणे हे त्याचे तत्त्व होते. आजच्या घरगुती प्रोसेसरमधील अनेक ‘कोअर’ याच समांतर कामाच्या कल्पनेचे लहान रूप म्हणता येतील.

मराठीच्या दृष्टीने हार्डवेअरच्या इतिहासातील जिस्ट कार्ड उल्लेखनीय आहे. मदरबोर्डच्या खाचेत बसवल्या जाणाऱ्या या कार्डामुळे डॉस प्रणालीवरील संगणकात देवनागरी व इतर भारतीय लिप्या वापरता येत. पुढे युनिकोडचा प्रसार होऊन कार्यप्रणालींमध्येच देवनागरीची सोय झाली आणि स्वतंत्र कार्डाची गरज संपली. मराठी लिहिण्यासाठी आज कोणताही विशेष भाग विकत घ्यावा लागत नाही.

प्रमुख भाग

प्रोसेसर

गणना करणे व आज्ञा अमलात आणणे हे प्रोसेसरचे काम होय. त्याचे मूल्यमापन कोअरची संख्या, गीगाहर्ट्झमधील गती आणि पिढी यांवरून करतात. यांपैकी पिढीकडे ग्राहकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. ‘आय३’, ‘आय५’, ‘आय७’ ही नावे एकाच पिढीतील श्रेणी दर्शवतात. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना केवळ त्यांवरून करता येत नाही. उदाहरणार्थ, २०११ मधील आय५-२४०० पेक्षा २०२२ मधील आय३-१२१०० हा बराच वेगवान आहे. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असल्यास त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. असा प्रोसेसर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवाय घेतल्यास मॉनिटरवर काहीही दिसत नाही.

मदरबोर्ड

सर्व भाग ज्या मुख्य पाटीवर जोडले जातात ती पाटी म्हणजे मदरबोर्ड. प्रोसेसर बसवण्याची त्यावरील जागा, म्हणजे सॉकेट, प्रोसेसरला अनुरूप असावी लागते. एएमडीचे एएम४ व एएम५ किंवा इंटेलचे एलजीए १२०० व एलजीए १७०० हे सॉकेट परस्परांना चालत नाहीत. म्हणून प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची निवड जोडीनेच करतात. आकारानुसार एटीएक्स (३०५ × २४४ मिलिमीटर), मायक्रो-एटीएक्स (२४४ × २४४ मिलिमीटर) आणि मिनी-आयटीएक्स (१७० × १७० मिलिमीटर) हे प्रकार रूढ आहेत. घरगुती वापरासाठी मायक्रो-एटीएक्स बहुधा पुरेसा असतो.

रॅम

चालू कामाची माहिती रॅममध्ये तात्पुरती राहते आणि वीज जाताच ती नाहीशी होते. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही प्रकारांच्या डेस्कटॉप पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी त्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते. त्यामुळे एका प्रकारची पट्टी दुसऱ्याच्या जागी बसत नाही. १६ गीगाबाइटची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ गीगाबाइटच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्यास माहितीची ने-आण दोन मार्गांनी होते. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या संगणकात हा फरक विशेष जाणवतो.

साठवण उपकरणे

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चकत्यांवर चुंबकीय पद्धतीने माहिती साठवली जाते, तर एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. साटा जोडणीच्या एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटपर्यंत जातो. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवरील एनव्हीएमई एसएसडी सुमारे ३,५०० मेगाबाइटपर्यंत पोहोचते. मात्र जुन्या संगणकाचा मंदपणा प्रामुख्याने हार्ड डिस्कच्या शोधवेळेमुळे असतो. म्हणून साधी साटा एसएसडी बसवल्यानेही तो संगणक लक्षणीय वेगाने सुरू होतो. छायाचित्रे, कागदपत्रे यांची प्रत वेगळ्या उपकरणावर ठेवणे दोन्ही प्रकारांत आवश्यक आहे; कोणतेही साठवण उपकरण कायम टिकत नाही.

वीजपुरवठा संच

एसएमपीएस या नावाने परिचित असलेला हा संच घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. आजचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे वेष्टनावरील मोठ्या आकड्यापेक्षा लेबलवरील १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपियर महत्त्वाचे असतात. वेष्टनावर ५०० वॅट छापलेले असून १२ व्होल्टवर केवळ १६ अँपियर मिळत असतील, तर त्या मार्गाने १९२ वॅटच उपलब्ध होतात. निकृष्ट संच बिघडताना मदरबोर्ड व साठवण उपकरणांनाही हानी पोहोचवू शकतो. खर्च कमी करताना सर्वप्रथम याच भागाला कात्री लावण्याची प्रथा म्हणूनच घातक ठरते. ८० प्लस हे प्रमाणपत्र संचाची कार्यक्षमता दर्शवते. त्याच्या मूळ श्रेणीत ठरावीक भारांवर किमान ८० टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते.

ग्राफिक्स कार्ड व मॉनिटर

लेखन, अभ्यास, हिशेब, आंतरजाल व चित्रफिती पाहणे यांसाठी अंगभूत ग्राफिक्स पुरेसे असते. त्रिमितीय खेळ, चित्रफीत संपादन, स्थापत्य आराखडे इत्यादींसाठी स्वतंत्र कार्ड उपयोगी पडते. मॉनिटर घेताना १९२० × १०८० बिंदूंची स्पष्टता हे आज सर्वसाधारण प्रमाण मानता येईल. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए जोडणी असते आणि अनेक नव्या मदरबोर्डांवर ती नसते. त्यामुळे जुना मॉनिटर वापरायचा असल्यास दोन्हींकडील जोडण्या आधी तपासतात.

वऱ्हाडातील हवामान व वीजपुरवठा

अमरावती व अकोला जिल्ह्यांत मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर तेवढ्याच कामासाठी ४५ अंशांच्या खोलीत साधारण ८५ अंशांवर पोहोचतो. ठरावीक मर्यादेजवळ गेल्यावर प्रोसेसर स्वतःहून गती कमी करतो. उन्हाळ्याच्या दुपारी संगणक संथ होण्याचे हे एक सामान्य कारण आहे. यासाठी पुढून हवा आत घेणारा व मागून बाहेर टाकणारा असे किमान दोन पंखे असलेले जाळीदार कॅबिनेट उपयुक्त ठरते. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवणे टाळावे.

विदर्भात उन्हाळ्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या कूलरमुळे खोलीचे तापमान उतरते आणि त्याचा लाभ संगणकालाही होतो. परंतु कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. झोताबरोबर येणारे पाण्याचे सूक्ष्म तुषार सुकल्यावर त्यांतील क्षार मदरबोर्डवर साचतात आणि गंज धरू शकतो. कापसाचे तंतू व धूळ पंख्यांत आणि उष्णता-वाहक पात्यांत अडकतात. त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी व दिवाळीच्या सुमारास संगणक बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने साफसफाई करणे हितकारक असते.

कृषिपंपांचा भार वाढल्यावर ग्रामीण भागात व्होल्टेज घसरू शकते. वीज खंडित होण्याचे प्रसंगही येतात. लेखन चालू असताना वीज गेल्यास न जतन केलेले काम नष्ट होते आणि साठवण उपकरणावरील माहितीही बिघडू शकते. म्हणून डेस्कटॉपसोबत यूपीएस आवश्यक मानला जातो. यूपीएसची क्षमता व्हीएमध्ये दिलेली असते. प्रत्यक्ष वॅट त्याहून कमी असतात. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटपर्यंतचा भार पेलतो. त्यातील १२ व्होल्ट, ७ अँपियर-तास बॅटरीत नाममात्र ८४ वॅट-तास ऊर्जा असते. १०० वॅटच्या संगणकाला गणिताने ५० मिनिटे मिळायला हवीत. मात्र जलद वापरात बॅटरीची उपयुक्त क्षमता घटते व रूपांतरातही ऊर्जा खर्च होते, म्हणून प्रत्यक्षात बराच कमी वेळ मिळतो. काम जतन करून संगणक रीतसर बंद करणे हाच यूपीएसचा हेतू आहे. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवरील प्रत्येक ८ ते १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते. वऱ्हाडात या बॅटऱ्या लवकर निकामी होण्यामागे हे कारण आहे. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये. त्यातील तापक एकाएकी मोठा भार टाकतो.

घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावरील ‘यूपीएस मोड’ निवडल्यावर वीज बदलण्यास कमी वेळ लागतो. साधारण एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंदांचाच खंड सहन करू शकतो. साध्या मोडमध्ये त्यापेक्षा जास्त खंड पडून संगणक बंद होऊ शकतो.

तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन अर्थिंगची असते. जुन्या घरांत बोर्डापर्यंत अर्थिंगची तार पोहोचलेली नसल्यास धातूच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. ही संगणकातील खोड नसून वायरिंगमधील उणीव असते आणि ती परवानाधारक विद्युततंत्रज्ञाकडून दुरुस्त करून घ्यावी. न्यूट्रल व अर्थिंग बोर्डातच एकत्र जोडणे जीवघेणे ठरू शकते. पावसाळ्यात विजा कडाडत असताना केवळ बटण बंद न करता प्लग व आंतरजालाची तांब्याची तार दोन्ही काढून ठेवणे सुरक्षित असते.

निवडीचा क्रम

निवडीची सुरुवात कामापासून होते. शालेय अभ्यास, ऑनलाइन अर्ज, एमएस-सीआयटीसारखा अभ्यासक्रम व कार्यालयीन लेखन यांसाठी अंगभूत ग्राफिक्सचा चार कोअरचा अलीकडील प्रोसेसर, ८ गीगाबाइट रॅम व २५६ गीगाबाइटची एसएसडी पुरेशी होते. प्रोग्रॅमिंग, अभियांत्रिकी आराखडे किंवा डीटीपी यांसाठी सहा कोअर, १६ गीगाबाइट रॅम व ५१२ गीगाबाइट एसएसडी हे प्रमाण योग्य ठरते. त्यानंतर प्रोसेसर व मदरबोर्डची जोडी, रॅमचा प्रकार, साठवण, वीजपुरवठा संच, कॅबिनेट व शेवटी मॉनिटर असा क्रम सोयीचा असतो. यूपीएसचा खर्च आरंभीच अंदाजपत्रकात धरावा. तो मागाहूनच्या खरेदीसाठी ठेवला की बहुधा राहून जातो.

लॅपटॉपमध्ये बॅटरी अंगभूत असल्याने वीज गेल्यास काम थांबत नाही व विजेचा वापरही कमी होतो. मात्र त्यातील प्रोसेसर बहुधा मदरबोर्डवरच पक्का केलेला असतो आणि अनेकदा रॅमही. डेस्कटॉपचा बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. तालुक्याच्या गावी दुरुस्तीची सोय मर्यादित असल्यास हा गुण मोलाचा ठरतो.

वापरलेले संगणक

कार्यालयांतून निघालेले संगणक नूतनीकरण करून कमी किमतीत विकले जातात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हा व्यवहार्य पर्याय आहे, परंतु ‘आय५’ एवढ्या उल्लेखावर व्यवहार करू नये. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक पाहून पिढी ओळखावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलचे मुख्यतः आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर व टीपीएम २.० लागते. त्यापेक्षा जुन्या संगणकावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती वापरता येते.

हमी, ग्राहकहक्क व ई-कचरा

असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची हमी स्वतंत्र असते. म्हणून प्रत्येक भागाचे नाव व अनुक्रमांक नोंदवलेले जीएसटी बिल घेणे महत्त्वाचे आहे. कच्च्या पावतीवर हमी मिळवणे कठीण जाते. लॅपटॉप, अडॅप्टर, यूपीएस, प्रिंटर इत्यादींना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी बंधनकारक असून त्यावर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. सदोष वस्तूबाबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत आयोगाकडे शुल्क भरावे लागत नाही.

निकामी भागांत शिसे यांसारखे विषारी घटक असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. हे भाग भंगारात देण्याऐवजी किंवा जाळण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडे सोपवावेत. त्यापूर्वी हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील वैयक्तिक माहिती कायमची पुसणे आवश्यक आहे.