आवाज आला तरच दिवा

“आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. कानाचं मशीन म्हणजे काय, ते तिला समजेल असा एखादा मोबाइल गेम सुचवाल का?” असं एका आईने पत्रात विचारलं आहे. याचं उत्तर मी १९४७ सालच्या लंडनपासून सुरू करतो.

त्या वर्षी मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी लहान मुलांचे कान तपासण्याची नवी रीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडली. तिचं नाव ‘पीप शो’. मुलासमोर एक खोकं, आत चित्र, हाताशी बटण. आवाज आल्यावर बटण दाबलं की आतला दिवा लागून चित्र दिसणार. आवाज नसताना कितीही दाबा, अंधारच! “ऐकू आलं का?” या प्रश्नाचं उत्तर शब्दांत देऊ न शकणारं मूल ते आता बोटाने देऊ लागलं. आज तपासणीत आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायला सांगतात, तोही याच जातीचा खेळ.

डिक्सबाईंना खरं तर शल्यचिकित्सक व्हायचं होतं. युद्धात लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा चेहरा आणि डोळे जखमी झाले, तो रस्ता बंद झाला आणि त्या कानाच्या संशोधनाकडे वळल्या. चक्कर येणाऱ्या रुग्णांच्या ‘डिक्स-हॉलपाइक’ चाचणीमुळे त्यांचं नाव डॉक्टरांच्या तोंडी असतं. पण मला त्यांचं हे खोकं जास्त मोलाचं वाटतं.

घरी याच धर्तीवर खेळता येतो तो डॅनियल लिंग यांचा सहा आवाजांचा खेळ: म्, ऊ, आ, ई, श्, स्. बोलण्यातले खर्जापासून अगदी बारीक आवाजांपर्यंतचे सगळे टप्पे या सहांत येतात. ओठ झाकून एकेक आवाज काढा. ऐकू आला की मुलीने खुंटीवर रिंग चढवायची. मध्येच काही क्षण गप्प राहा, म्हणजे ती अंदाजाने रिंग टाकते का, ते कळेल. ‘स्’ निसटत असेल तर मराठीत मोठीच पंचाईत, कारण ‘आला’ आणि ‘आलास’ यांतला सगळा फरक त्या एका बारीक आवाजावर उभा आहे.

मोबाइलला माझा विरोध इथेच आहे. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ‘म्’ आणि ‘ऊ’चा खर्ज धड बाहेर पडत नाही आणि आवाज किती मोठा लागतोय तेही आपल्याला कळत नाही. ‘खेळता खेळता श्रवणविकास’ अशी जाहिरात करणाऱ्या अ‍ॅपपेक्षा आईचा आवाज इथे अधिक भरवशाचा.

मशीनची ओळख करून द्यायला एक बाहुली पुरेशी आहे. तिच्या कानामागे मातीचं मशीन बसवा आणि तिला रोज नवी तक्रार करू द्या. आज सेल गेला: नव्या सेलचं स्टिकर मुलीलाच काढू द्या. त्याखालच्या बारीक भोकांतून हवा आत शिरते तेव्हाच तो सेल जागा होतो, म्हणून मिनिटभर थांबून मग बसवायचा. उद्या मशीन शिट्टी मारतंय: लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर नेला की जे होतं, तेच. कानातला मोल्ड सैल झाला की मोठा झालेला आवाज फटीतून बाहेर येतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. मुलांचे कान वाढतात, म्हणून मोल्ड वरचेवर बदलावा लागतो. पावसाळ्यात बाहुलीच्या नळीत पाण्याचा थेंब अडकू द्या आणि मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं काम मुलीकडे सोपवा.

पुढच्या वेळी ऑडिओलॉजिस्टकडे जाल तेव्हा आधी तिलाच बोलू द्या. “डाव्या कानात शिट्टी वाजते,” एवढं तिने सांगितलं तरी मोल्ड तपासायला तेवढं पुरे.