प्रवाळकुंडाचा पंप बंद पडला असता

मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले, तेव्हा समुद्र त्याच्या दारातच होता. बंगळूर शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आणि सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील घरात काचेच्या पेटीत खारे पाणी भरून प्रवाळ व सागरी मासे पाळावयाचे, तर समुद्राची सारी कामे यंत्रांवर सोपवावी लागतात. लाटांचे काम पंप करतो, उबेचे काम विद्युत्‌ तापक करतो, सूर्याचे काम दिवे करतात. वीज गेली किंवा यंत्र बिघडले, तर प्रथम कशाकडे धावावे?

बहुतेकांचे लक्ष दिव्यांकडे जाते. वस्तुतः एकदोन दिवसांच्या अंधाराने प्रवाळ मरत नाहीत. पहिले संकट श्वासाचे असते. प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून, आणि पाणी हालते असेल तरच तो तळापर्यंत पोहोचतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. बंगळूरच्या उंचीवर हवेचा दाब जवळजवळ एकदशांशाने कमी, म्हणून हा साठा सहा मिलिग्रॅमांच्या आसपास उतरतो. शिवाय प्रवाळांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री तीही तो घेऊ लागतात. मध्यरात्री थांबलेला पंप दुपारी थांबलेल्या पंपापेक्षा घातक ठरतो तो यामुळे.

यावरील उपाय विजेहून जुना आहे. अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. त्यांची मोलकरीण रोज अर्धापाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. प्रवाळ जगले, याचे निम्मे श्रेय तरी तिला द्यावयास हवे. आजही पंप थांबताच पेटीतील पाणी भांड्याने घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत ओतीत राहावे. भांडे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे असावे. तांब्याचा अल्पसा अंशही प्रवाळांस विषासमान असतो. वीज जाताच आपोआप सुरू होणारा, बॅटरीवरील लहानसा हवेचा पंप जवळ असल्यास हे श्रम वाचतात. या काळात माशांस खाद्य घालू नये.

थिनबाईंना नवे प्रवाळ किनाऱ्यावरून आणता येत होते. भारतात २००१ साली दगडी प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला व समुद्रातून ते काढणे गुन्हा ठरले. घरातील प्रवाळ मेले, तर समुद्राकडून भरपाई मागता येत नाही.

बंद डब्याच्या गाळणीविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. तिच्यातील उपकारक जीवाणूंनाही प्राणवायू लागतो. प्रवाह काही तास थांबला, तर ते मरू लागतात व डब्यातील पाणी कुजते. वीज येताच गाळणी तशीच सुरू केल्यास ती घाण पेटीत येते. आधी ते पाणी फेकून द्यावे.

तापक बंद पडणे त्या मानाने सौम्य. बंगळूरच्या हिवाळ्यातही पाणी सावकाश निवते. पेटीभोवती घोंगडी गुंडाळावी, वरची बाजू मात्र उघडी ठेवावी. खरे भय चालूच राहणाऱ्या तापकाचे. नियंत्रक चिकटला, तर ३०० वॉटचा तापक २०० लिटर पाणी सुमारे पाऊण तासाला एक अंश या वेगाने तापवू लागतो. एका रात्रीत सारे प्रवाळ शिजतील! त्याऐवजी १५० वॉटचे दोन तापक बसवावेत. एक चिकटला तरी वेग निम्मा होतो आणि सकाळपर्यंत उसंत मिळते.

बिघाडानंतर पाणी बदलावे लागते, आणि बंगळुरात खारे पाणी आयत्या वेळी मिळत नाही. चाळीस लिटरांसाठी सुमारे दीड किलो सागरी क्षारमिश्रण शुद्ध पाण्यात विरघळवून, रात्रभर ढवळून, पिंपात झाकून ठेवावे. वापरण्यापूर्वी त्याची क्षारता व तापमान पेटीतील पाण्याशी जुळवून घ्यावे.