खुली लेखनसाधने आणि त्यांचे वारसदार



ज्या गुरुजनांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी स्नेहलतागंजातील मुलांना पाटीवर अक्षर गिरवावयास शिकविले. पाटी फुटली तरी अक्षर जात नसे, कारण ते मुलाच्या हातात उतरलेले असे. आज अक्षर हातापेक्षा संगणकात अधिक उमटते, आणि संगणकावर लिहिण्याचे साधन कोणाच्या तरी मालकीचे असते. मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाविषयी बोलावे हे काहींना अधिकाराबाहेरचे वाटेल. परंतु प्रश्न मुळात लेखणीचा आहे, आणि लेखणीशी आमचा संबंध जुना आहे.

प्रश्न असा : ज्या लेखनसाधनावर कोणा एकाची मालकी नाही, असे खुले साधन पाठीशी मोठे भांडवल असलेल्या व्यापारी प्रतिस्पर्ध्यापुढे टिकेल काय? टिकावयाचे तर कशाच्या बळावर?

खुले म्हणजे काय?

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्यात लिहितात आणि दुरुस्त करतात, त्या सॉफ्टवेअरला कोड एडिटर म्हणतात. सुताराला जसा रंधा, तसा प्रोग्रामरला एडिटर. ग्रंथाच्या संपादकालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, हा योगायोग पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

सॉफ्टवेअर दोन प्रकारे हाती येते. हलवायाकडून मिठाई विकत घेणे निराळे आणि त्या मिठाईची कृती मिळणे निराळे. कृती मिळाली म्हणजे ती वाचता येते, आपल्या चवीप्रमाणे बदलता येते, शेजारणीला देता येते. सॉफ्टवेअरची अशी कृती म्हणजे त्याचा मूळ कोड. तो वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा परवान्याने दिलेली असेल तर ते सॉफ्टवेअर खुले होय. खुले म्हणजे फुकट, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. फुकट मिळालेल्या मिठाईबरोबर कृती मिळतेच असे नाही.

मराठीचा अनुभव

हा भेद मराठीने प्रत्यक्ष अनुभवला आहे, म्हणून आधी घरचे उदाहरण घेऊ.

जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला तो १८६९ साली. तेथील टाइप इतर छापखाने विकत घेत, म्हणजे व्यवहार शुद्ध व्यापाराचाच होता. परंतु एकदा पान छापून झाले की ते वाचण्यासाठी वाचकाला निर्णयसागरकडे जावे लागत नसे. अक्षर घडविणाऱ्याचा मोबदला त्याला मिळे आणि मजकूर सर्वांचा होई.

संगणक आला आणि ही सोय काही काळ नाहीशी झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जिस्ट तंत्र आयआयटी कानपूर येथे घडले आणि पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते वाढविले. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यावा याचे इस्की नावाचे भारतीय मानकही १९९१ साली ठरले. तथापि छपाईच्या रोजच्या कामात निराळीच वाट रूढ झाली. श्रीलिपी, आकृती यांसारख्या व्यापारी सॉफ्टवेअरांनी आपापल्या फॉन्टांपुरती स्वतंत्र व्यवस्था लावली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविले गेले. त्यामुळे पडद्यावर सुरेख मराठी दिसे. परंतु संगणकाच्या पोटात साठविले जाई ते रोमन अक्षरांचे कडबोळे. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की ते कडबोळे जसेच्या तसे समोर येई.

या कंपन्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे मराठी वृत्तपत्रे, पुस्तके आणि लग्नपत्रिका निघाल्या. दुसरी सोय हाताशी नसताना त्यांनी ती केली. परंतु परिणाम काय झाला ते पाहा. इंदुरात मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. १९१७ साली छापलेले पान आज कोणीही वाचू शकतो. २००१ च्या सुमारास संगणकावर जुळविलेल्या मजकुराची मूळ फाइल मात्र तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर जवळ असल्यावाचून उघडून वाचता येईल याची शाश्वती नाही. शंभर वर्षांचा कागद बोलतो आणि पंचवीस वर्षांची फाइल मुकी होते, असा हा विपरीत प्रकार आहे.

यातून सुटका केली ती युनिकोड या सामाईक मानकाने. १९९१ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात स्थान आहे. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असल्यामुळे मजकूर आणि फॉन्ट यांची फारकत झाली. मजकूर क्रमांकांत साठवावा आणि वाचताना हवा तो फॉन्ट चढवावा, अशी ही व्यवस्था आहे. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर आला आणि ही सोय सामान्य माणसापर्यंत पोहोचली. यथावकाश व्यापारी सॉफ्टवेअरनेही युनिकोडचा स्वीकार केला.

खुल्या फॉन्टांची कथा याहून उद्बोधक आहे. २००४ साली रेड हॅट या कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिप्यांच्या फॉन्टांची मालिका खुल्या परवान्याने दिली. तिची मूळ अक्षरे रेखाटली होती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपी विकणाऱ्या कंपनीनेच. व्यापारी साधन आणि खुले साधन ही एकमेकांची जन्मजात वैरी नव्हेत, हे दाखवावयास इतका दाखला पुरे आहे.

मग खुलेपणाने अधिक काय मिळाले? मराठीतील 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा निराळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणरूप ठरविले. बंद फॉन्टात हिंदी वळणाचे अक्षर असेल तर मराठी माणसाने कंपनीकडे अर्ज करावा आणि वाट पाहावी. आपल्या तक्रारीचे वजन तेथे आपल्या खरेदीइतकेच असते. खुल्या फॉन्टात ज्याला अक्षर रेखाटता येते त्याने ते रेखाटावे आणि सर्वांस द्यावे. परवानगीचा प्रश्नच उरत नाही. मानकाच्या बाबतीतही हेच दिसते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. लहान बाजारपेठेच्या भाषेला स्वतःची गरज स्वतः भागविण्याची वाट मोकळी असणे, हा खुलेपणाचा खरा लाभ आहे.

दोन एडिटरांची चरित्रे

एवढ्यावरून खुले साधन आपोआप टिकते असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. त्यासाठी जगातील दोन खुल्या एडिटरांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिला 'ॲटम'. गिटहब या कंपनीने तो २०१४ साली काढला आणि त्याचा कोड खुला केला. त्याच्यासाठी बांधलेला सांगाडा पुढे 'इलेक्ट्रॉन' या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. त्याच सांगाड्यावर मायक्रोसॉफ्टने २०१५ साली 'व्हीएस कोड' हा आपला एडिटर उभारला आणि त्याचाही मूळ कोड खुला केला. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने गिटहबच विकत घेतली. एकाच घरात दोन एडिटर झाले, आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी ॲटमचे काम अधिकृतपणे बंद करण्यात आले. कोड खुला होता, वापरणारे पुष्कळ होते, तरीही मालकाने हात काढून घेताच मुख्य प्रवाह आटला. काही स्वयंसेवकांनी 'पल्सर' या नावाने तो चालू ठेवला. मूळ कर्त्यांपैकी काहींनी 'झेड' हा नवा एडिटर घडविला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचा कोड खुला केला.

दुसरा 'विम'. नेदरलँड्सचे ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ साली प्रसिद्ध केला. त्याचे मोल त्यांनी मागितले नाही. ज्यांना तो उपयोगी पडेल त्यांनी युगांडातील किबाले येथील गरजू मुलांना साहाय्य करावे, एवढी विनंती केली. तीस वर्षांहून अधिक काळ हा माणूस त्या एडिटरचा मुख्य राखणदार होता. सर्व सूत्रे एका हाती असल्याने काहींना वाट अडल्यासारखी वाटली आणि २०१४ साली 'निओविम' ही शाखा फुटली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी मोलेनार निवर्तले. विमही त्यांच्याबरोबर जाईल अशी भीती वाटणे स्वाभाविक होते. परंतु जुन्या सहकाऱ्यांनी सूत्रे हाती घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये निघालेली पुढची आवृत्ती त्यांनी मोलेनार यांच्या स्मृतीस अर्पण केली. स्मारक याहून वेगळे काय असते?

ॲटममागे कंपनी होती, विममागे एक माणूस होता. तरी कंपनीचा एडिटर थांबला आणि माणसाचा चालू राहिला. सूत्रे हाती घेणारा कोणी तरी वेळेवर पुढे आला की नाही, येथेच हा फरक पडला.

आज ही स्पर्धा अधिक बिकट झाली आहे. २०२३ साली आलेला 'कर्सर' हा व्यापारी एडिटर व्हीएस कोडच्याच खुल्या कोडावर उभा आहे. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड दिलेली आहे. खुल्या विहिरीतून पाणी काढून त्याचे सरबत विकण्यासारखे हे आहे, आणि परवान्यानुसार त्यात गैर काही नाही. अडचण निराळी आहे. साध्या एडिटरची आणखी एक प्रत वाटावयास जवळजवळ खर्च येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे तसे नाही : लिहिणाऱ्याने साहाय्य मागितले की प्रत्येक वेळी दूरच्या मोठ्या संगणकांना काम करावे लागते आणि कोणाला तरी त्याचे पैसे मोजावे लागतात. खुल्या एडिटराने हा खर्च कोठून करावा, हा त्याच्या भवितव्याचा खरा पेच आहे. जो एडिटर ही जोड कोणाकडूनही घेण्याची मोकळीक ठेवील आणि स्वतः केवळ लेखनाची जागा राहील, त्याला अधिक आयुष्य लाभेल असे मला वाटते.

प्रती आणि पाठशुद्धी

आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन झाले आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. त्या ग्रंथावर कोणाचा मालकी हक्क नव्हता. ज्याला हवी त्याने ती उतरून घ्यावी. आजच्या भाषेत तिची संहिता खुली होती. पुढील तीन शतकांत तिच्या अनेक प्रती झाल्या, आणि प्रतींबरोबर पाठभेद झाले, चुका शिरल्या. प्रती पुष्कळ असल्याने ग्रंथ नष्ट झाला नाही, पण तो गढूळ होत चालला. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली भर घालू नये असे बजावले. नकला करण्याच्या मुभेने ज्ञानेश्वरी वाचली, आणि संपादकाच्या जबाबदारीने ती शुद्ध राहिली. यांपैकी एकच गोष्ट असती तर भागले नसते.

खुल्या एडिटराचे, खुल्या फॉन्टाचे भवितव्य यावरच अवलंबून आहे. परवाना नकलेची मुभा देतो. एकनाथ देत नाही. तो समाजाने द्यावयाचा असतो. व्यापारी साधनाला राखणदार पगारावर मिळतो. खुल्या साधनाला तो ऋणानुबंधातून मिळवावा लागतो. ज्या समाजाला साधन फुकट घेणे ठाऊक आहे पण सांभाळणे ठाऊक नाही, त्याच्या हातून खुले साधन निसटते आणि तो पुन्हा विकतच्या दाराशी उभा राहतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही गोष्ट अधिकच लागू आहे. येथे मराठीच्या पाठीशी शासन नाही. शाळा, संस्था आणि घर एवढाच तिचा आधार. म्हणून तीन कामे सुचवितो. शाळेची जुनी वार्षिके व स्मरणिका ज्या जुन्या फॉन्टांत आहेत, त्या ते फॉन्ट आणि ते वापरणारी माणसे उपलब्ध आहेत तोवर युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. पुढचे सर्व लेखन कोणत्याही सॉफ्टवेअरात उघडेल अशा सामाईक स्वरूपात जतन करावे. आणि वरच्या वर्गांतील मुलांच्या हाती एखादे खुले लेखनसाधन देताना त्यातील दोष शोधून कळविण्याची, मराठी शब्दांची भर घालण्याची सवयही त्यांना लावावी. प्रत्येकाने एकनाथ होण्याची गरज नाही. एक चूक नेमकी दाखविणारा वाचकही पाठशुद्धीत सहभागी असतो.

पाटी कोणत्या दुकानातून आणली याची आठवण आज कोणाला नाही. अक्षर कोणी गिरवून घेतले, हे मात्र येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या स्मरणात आहे.