बाजारातली पिठले-भाकरी आणि ब-१२ जीवनसत्त्व

शनिवारी संध्याकाळी दवाखाना लवकर आटोपला की मी चाकणच्या बाजारात एक फेरी मारतो. कांदा, बटाटा आणि जनावरांसाठी हा बाजार प्रसिद्ध असला, तरी दिवस कलल्यावर त्याचे रूप पालटते. पहिली पाळी सुटलेली असते. कारखान्यांच्या बसमधून उतरलेली मुले पाठीवर पिशव्या घेऊन पालांमधून हिंडत असतात. भट्टीवर शेंगदाणे-फुटाणे भाजल्याचा वास, भेळभत्त्याचे ढीग, गोडीशेव, उकडलेली रताळी, निखाऱ्यावरची कणसे आणि एका कडेला चुलीवर बाजरीची भाकरी थापणाऱ्या मावशी. आठ तास यंत्रासमोर उभे राहिलेल्या माणसाला गरम भाकरी, पिठले, फोडलेला कांदा आणि ठेचा समोर आल्यावर जे सुख मिळते, ते मी स्वतः ५० रुग्ण तपासून तिथे बसलो की चांगलेच समजते.

गेल्या महिन्यात त्याच पालात माझा एक रुग्ण भेटला. वय २८, गाव नांदेड जिल्ह्यात, सुट्या भागांच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला. चाकणला चौघांत मिळून भाड्याची खोली. मला पाहून तो उठून उभा राहिला, ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे खाल्लेलं चालेल ना? की याच्यामुळंच झालं होतं?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला तिथे दोन वाक्यांत दिले. पण तो प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

काय झाले होते?

सुमारे दीड वर्षापूर्वी तो प्रथम माझ्याकडे आला. तक्रार अशी, की तळपाय जळजळतात, बोटांना मुंग्या येतात आणि फार थकवा वाटतो. मी विचार केला, दिवसभर उभे काम, पायात जाड सुरक्षा-बूट, पाळ्या बदलत्या, झोप अपुरी. रक्त थोडे कमी होते. मी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, बूट सैल वापरायला सांगितले. दोन महिन्यांनी रक्त थोडे वाढलेले दिसले. मी समाधानी झालो, तो मात्र झाला नव्हता. मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या होत्या. एके रात्री पाळीवरून परतताना अंधाऱ्या जिन्यात त्याचा तोल गेला आणि तो पडला.

तेव्हा कुठे मी त्याला पाय जुळवून, डोळे मिटून उभे केले. तो डुलू लागला. मग जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला, "रोज काय खातोस?" घरचे सारे माळकरी, त्यामुळे मांस-मच्छी-अंडी कधीच नाहीत. त्यातच चार-पाच वर्षांपूर्वी मोबाइलवर दुभत्या जनावरांच्या हालांविषयी काही पाहून त्याने दूध, दही, ताक आणि दुधाचा चहाही सोडला होता. रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

चूक माझी होती. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंचे नुकसान मात्र आतून चालूच राहते. हे आम्ही महाविद्यालयात शिकलेलो असतो. दवाखान्याच्या गर्दीत विसरतो. इंजेक्शने सुरू केली, पुढे गोळ्या. काही महिन्यांत तोल सावरला, थकवा गेला. उजव्या पायाच्या दोन बोटांत थोडी बधिरता अजून आहे, ती कदाचित राहील. वेळीच विचारले असते, तर तीही राहिली नसती.

दोष पिठले-भाकरीचा नाही

प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ, अगदी दूध आणि मधसुद्धा, न खाण्याच्या पद्धतीला 'व्हीगन' आहार म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. आपल्या सरकारने २०२२ साली अशा पदार्थांसाठी नियम केले असून त्यांच्या वेष्टनावर हिरव्या रंगाचे 'व्ही' अक्षराचे चिन्ह असते. नाव परके असले, तरी ताट परके नाही. भाकरी, तेलात केलेले पिठले, ठेचा, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, मेथीची कोरडी भाजी, उसाचा रस, हिवाळ्यातला हुरडा, यांत दुधाचा थेंबही नाही. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर मिळू लागली, तीही याच जातीची. आपल्या कष्टकऱ्याचे रोजचे जेवण पुष्कळ वेळा असेच असते, फक्त त्याला कोणी नाव दिलेले नसते.

आणि हे जेवण हलके समजू नका. दोन मध्यम भाकरी, वाटीभर पिठले आणि मूठभर शेंगदाणे यांतून सुमारे २५ ते ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात, म्हणजे निम्मी गरज एका बैठकीत भागली. शिवाय धान्यात जो घटक कमी असतो तो डाळीत असतो आणि डाळीत जो कमी तो धान्यात. म्हणून भाकरी आणि बेसन यांची जोडी आजीने जमवली ती शास्त्रालाही मान्य आहे. बाजरीत लोह चांगले आहे. ते अंगी लागावे म्हणून पिठल्यावर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, तासभर थांबावे. भरड धान्यांचे महत्त्व आता जगालाही पटले असून २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. पाळी सुटल्यावर दोन वडापाव आणि शीतपेय यांवर भूक मारण्यापेक्षा हे ताट कितीतरी सरस आहे.

मग उणे काय?

मुख्य उणे ब-१२. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात सूक्ष्म जिवाणू. गाई-म्हशींच्या पोटातील जिवाणूंनी ते तयार करावे, मग ते दुधात उतरावे आणि आपल्याला मिळावे, अशी ही साखळी आहे. दूध सोडले की शाकाहारी माणसाची ती शेवटची कडी तुटते. आंबवलेली इडली, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये यांतून ब-१२ ची गरज भागत नाही.

गरज किती? दिवसाला फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅम, मिठाच्या कणाहूनही कमी. पण एवढ्यावाचून रक्तपेशी नीट बनत नाहीत आणि मज्जातंतूंवरचे आवरण झिजते. यकृतात याचा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. म्हणूनच दूध सोडल्यावर पहिली दोन-तीन वर्षे काहीच होत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. त्रास सुरू होतो तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही, डॉक्टरच्याही नाही.

दूध पिणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर आणि परिसरातील खेड्यांमधल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. चहातल्या चमचाभर दुधाने गरज भागत नाही, रोज दोन पेले दूध किंवा तेवढे दही पोटात जायला हवे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही ब-१२ कमी होऊ शकते.

लक्षणे ओळखा

तळपायांना, बोटांना मुंग्या किंवा जळजळ. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणे. जीभ लाल, गुळगुळीत होऊन तिखट झोंबणे. कारण नसताना थकवा, चिडचिड, विसराळूपणा. यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना आपला आहार आपणहून सांगा. आम्ही विचारले नाही तरी सांगा.

मात्र एक फरक ध्यानात ठेवा. ब-१२ च्या मुंग्या महिनोन्‌महिने हळूहळू वाढतात. दोन-चार दिवसांतच पायांतली शक्ती जाऊन अशक्तपणा वर चढू लागला, तर तो गिया-बारे आजार असू शकतो. २०२५ च्या सुरुवातीला पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या भागात, त्याची साथ आली होती आणि तिचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. अशा वेळी एक दिवसही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

उपाय सोपा आणि स्वस्त

ज्यांना दूध चालते त्यांनी दूध, दही, ताक नियमित घ्यावे. ज्यांनी विचारपूर्वक दूध सोडले आहे, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांनी ब-१२ ची गोळी औषध म्हणून न समजता ताटातले मीठ समजावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजची छोटी किंवा आठवड्याची मोठी मात्रा ठरवून घ्यावी आणि ती आयुष्यभर चालू ठेवावी. गोळीतले ब-१२ प्राण्यांपासून काढत नाहीत. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून जसे टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलीन बनू लागले, तसेच हे जिवाणू वाढवून बनवतात. मात्र कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून कडक नियम पाळणाऱ्यांनी साधी गोळी मागावी. दूध न घेणाऱ्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी तर हयगय करूच नये, बाळाचा मेंदू घडत असतो.

बाजारात खाताना

डोळ्यांसमोर भाजलेले, वाफाळते तेच खावे. उघडी चटणी, चिरून ठेवलेली फळे आणि बर्फ टाळावा. उसाचा रस बिनबर्फाचा मागावा. कढईतले तेल काळे पडून धूर येत असेल, तर तिथली भजी नकोत. शेंगदाणा कडवट, काळपट लागला तर थुंकून टाकावा, त्यात बुरशीचे विष असू शकते. रक्तदाब असणाऱ्यांनी ठेच्याचा मोह आवरावा. पाणी आपल्या बाटलीतले प्यावे.

तर त्या पालात मी माझ्या रुग्णाला म्हणालो, "हे खा, पोटभर खा. फक्त आठवड्याची गोळी चुकवू नकोस." त्याने खिशातून पाकिटासोबत गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. शनिवारी बाजार, शनिवारी गोळी, असे त्याने ठरवून टाकले आहे. मावशींनी विचारले, "डॉक्टर, तुम्हाला भाकरी एक का दोन?" मी दोन सांगितल्या.