घरचा सामना, पण घर कुठलं?

मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत-सिंगापूर फुटबॉल सामन्यात काय झालं ते नव्यानं सांगायला नको. छांगटेचा लांबून मारलेला देखणा गोल, मग सिंगापूरच्या साँग उई-यंगचे दोन, आणि २०२७च्या आशियाई चषकाचं दार आपल्यासाठी बंद. प्रशिक्षक खालिद जमील यांचे डावपेच, बचावपटू झिंगनची गैरहजेरी, भारतीय फुटबॉल महासंघाचा कारभार, तोवर सुरूच न झालेली आयएसएल स्पर्धा, या सगळ्यावर आठवडाभर भरपूर शाई खर्ची पडली. मला मात्र एक साधी गोष्ट विचारायची आहे. हा सामना मडगावातच का होता?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. पात्रता फेरीत यजमानाला मोठी सवलत मिळते ती एकच, मैदान निवडण्याची. उंची, हवा, गवत, गर्दी, पाहुण्यांचा प्रवास, सगळं त्या एका निर्णयात येतं. आपल्याकडे हा निर्णय कशाच्या आधारावर होतो, ते जुन्या सामन्यांची यादी चाळून काही केल्या उमगत नाही.

यादी बघा. २००१मध्ये विश्वचषक पात्रतेत बंगळूरुच्या कांतीरवावर आपण यूएईला १-० हरवलं. २००४ला तीन घरचे सामने तीन गावांत झाले. मडगावात सिंगापूरवर १-०, कोचीत ओमानकडून १-५, कोलकात्यात जपानकडून ०-४. त्या जपानच्या सामन्यात सॉल्ट लेकचे दिवेच गेले होते. २००७ला पुन्हा मडगाव, लेबनॉनशी २-२. २०११ला दिल्ली, यूएईशी २-२. २०१५-१६मध्ये गुवाहाटी, बंगळूरु, कोची. २०१९ला गुवाहाटी आणि कोलकाता. २०२६च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भुवनेश्वर, गुवाहाटी, कोलकाता. २०२७च्या आशियाई चषकाच्या पात्रतेत शिलाँग, मग मडगाव. एखाद्या सरकारी बदलीच्या नोकरीतला माणूससुद्धा इतकी बिऱ्हाडं बदलत नाही.

आणि गंमत अशी की २००४ला ज्या मैदानावर रेनेडी सिंगच्या गोलनं सिंगापूर हरलं, त्याच मैदानावर एकवीस वर्षांनी त्याच सिंगापूरनं आपल्याला घरी बसवलं. तेव्हा फातोर्डा शुभ की अशुभ, ही चर्चा चहाच्या टपरीवर सोडून देऊ.

कागदावरची रीत सरळ आहे. महासंघ मैदान सुचवतो, आशियाई महासंघ, म्हणजे एएफसी, ते तपासून मान्यता देतो. गवत, दिवे, ड्रेसिंग रूम, आसनं, जवळचा विमानतळ, संघांना पुरेशी हॉटेलं आणि सरावाची मैदानं. त्याआधीची चाळणी मात्र वेगळीच असते. कुठल्या राज्य संघटनेला सामना हवा आहे, कुठलं राज्य सरकार हात सैल सोडतं आहे आणि त्या तारखेला कुठलं मैदान मोकळं आहे. ओडिशानं हॉकीसारखाच फुटबॉललाही आश्रय दिला, म्हणून २०२३च्या नोव्हेंबरात कतार भुवनेश्वरला आलं आणि ३-० जिंकून गेलं. २०२४च्या जूनमध्ये कुवेतविरुद्ध जिंकणं गरजेचं होतं. तो सामना सॉल्ट लेकवर झाला आणि तोच कर्णधार छेत्रीच्या निरोपाचाही ठरला. गर्दी पन्नास हजारांच्या वर जमली, गोल एकही झाला नाही. या चाळणीत समोर कोण खेळणार आहे, हा प्रश्न कुठंच दिसत नाही.

तो प्रश्न इतरत्र कसा विचारतात हे पाहायचं तर अमेरिकेकडं बघावं. मेक्सिकोशी सामना लॉस एंजेलिसमध्ये ठेवला की अर्ध्याहून जास्त स्टेडियम हिरव्या जर्सीचं. यजमान आपल्याच घरात पाहुणे. म्हणून २००१मध्ये त्यांनी सामना उचलला आणि ओहायोतल्या कोलंबसला नेला. मैदान लहान, मेक्सिकन वस्ती तुरळक, तारीख २८ फेब्रुवारी आणि थंडी हाडं गोठवणारी. निकाल २-०. मग २००५, २००९, २०१३, दर वेळी तेच मैदान आणि दर वेळी तोच २-० निकाल. २०१६ला मेक्सिकोनं तिथं २-१ जिंकून ती जादू मोडली, ते सोडा. पुढं २०२२च्या फेब्रुवारीत त्यांनी होंडुरासला मिनेसोटातल्या सेंट पॉलला बोलावलं. तापमान शून्याखाली सोळा अंशांच्या आसपास. होंडुरासचे काही खेळाडू थंडीमुळं मध्यंतरानंतर मैदानावर परतलेच नाहीत. सामना ३-० असा संपला आणि हे खिलाडूपणाला धरून आहे का, यावर बरंच रण माजलं. पण होंडुरासही काही साधुसंत नव्हे. तेही अमेरिकेला सान पेद्रो सुलाच्या दमट उकाड्यात भर दुपारी धावायला लावत आलेत.

बोलिव्हियाची गोष्ट आणखी पुढची. साडेतीन हजार मीटरहून उंच ला पाझमध्ये २००९ला मॅराडोनाच्या अर्जेंटिनानं ६-१ असा मार खाल्ला होता. फिफानं २००७मध्ये अडीच हजार मीटरवरच्या सामन्यांना बंदी घातली, पण दक्षिण अमेरिकेतून इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी ती उठवावी लागली. आता बोलिव्हिया आणखी वर, चार हजार मीटरपल्याडच्या एल आल्तोला खेळतो. २०२५च्या सप्टेंबरात तिथं ब्राझील १-० हरलं.

आपल्याकडं याची नक्कल करण्यात एक गोम आहे. शिलाँग साधारण दीड हजार मीटरवर. २०२५च्या २५ मार्चला बांगलादेशला तिथं दमवू, असा कुणाचा हिशेब असेलही, पण आपले बहुतेक खेळाडू वर्षभर खेळतात ते कोलकाता, गोवा, मुंबई, कोची असल्या समुद्राकाठच्या किंवा सखल गावांत. पाहुण्यांइतकीच धाप त्यांनाही लागणार. सामना ०-० सुटला. एल आल्तोचा फायदा तिथं श्वास घेणाऱ्याला होतो, विमानानं आठवडाभर आधी पोचणाऱ्याला नाही. क्रिकेटमध्ये हे आपण २०२४ला शिकलो. वानखेडेवर फिरकीची खेळपट्टी केली आणि न्यूझीलंडनं आपल्यालाच त्या खड्ड्यात घातलं.

उंची नाही, पण ऊन आहे. आमच्या बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्यात एप्रिलच्या दुपारी चार वाजता जे ऊन असतं, त्यात किर्गिझस्तानला नव्वद मिनिटं धावायला लावावं, असं मला फार वाटतं. २०१७ला त्यांना आपण कुठं खेळवलं? जूनमध्ये, देशातल्या सगळ्यात सुखद हवेच्या बंगळूरुत! छेत्रीनं गोल केला, १-० जिंकलो, म्हणून कुणी काही बोललं नाही. शिवाय हल्ली सामने टीव्हीसाठी दिव्यांखाली होतात, तेव्हा उन्हाचं हत्यार आपण म्यान करूनच ठेवलं आहे.

आता महाराष्ट्राकडं. भारत १९८५पासून विश्वचषकाची पात्रता फेरी खेळतो आहे आणि घरचा एकही सामना महाराष्ट्रात झालेला नाही. गोव्याला झाले, केरळला झाले, आसामला झाले. मैदानं नाहीत म्हणावं, तर २०२२चा महिलांचा आशियाई चषक नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, अंधेरी आणि पुण्याचं बालेवाडी या तीनच मैदानांवर झाला. डी. वाय. पाटीलवर १७ वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढतही झाली. पण ते मैदान क्रिकेटशी वाटून घ्यावं लागतं. २०२५च्या ऑक्टोबरात तिथं महिलांच्या क्रिकेट विश्वचषकाचे सामने होते. अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल छोटं. तिथं २०१६ला पोर्तो रिकोशी मैत्रीपूर्ण सामना झाला, तेव्हा मुंबईत ६१ वर्षांनी भारतीय संघ खेळत होता. २०१८ला चायनीज तैपेईविरुद्ध जेमतेम अडीच हजार माणसं आली, छेत्रीनं व्हिडिओतून हात जोडले आणि केनियाच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. तरी २०२३ला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीला घरचे सामने अंधेरीत घेता आले नाहीत; पुणे आणि नवी मुंबई गाठावी लागली.

उरलं बालेवाडी. १९९४च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं, सरकारी मालकीचं, हिरवंगार आणि बहुतेक वेळा ओस. २०१०ला छेत्रीनं तिथं व्हिएतनामविरुद्ध हॅटट्रिक केली. पाचच दिवसांनी येमेननं ६-३ असं धुतलं. तिथं दर्दी प्रेक्षक नाही, ही तक्रार खरी आहे. दर्दी प्रेक्षक आहे तो कोल्हापुरात. पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालीम संघांची लढत असली की राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. पेठा, तालमी, पिढ्यान् पिढ्यांची खुन्नस, सगळं तिथं आहे. १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहरातला. राज्याच्या फुटबॉलचं दुर्दैव हे की स्टेडियम एका गावात आणि माणसं दुसऱ्या.

मराठवाड्यात ना हे ना ते. आमच्याकडच्या पोराला भारतीय संघ प्रत्यक्ष बघायचा तर बालेवाडीइतकंच हैदराबाद सोयीचं, कारण परळीहून विकाराबादमार्गे रेल्वे तिकडं जाते. गच्चीबावलीत २०२४ला सीरिया, मलेशिया येऊन गेले. सिरसाळ्याच्या पोराला तेलंगण पुण्याइतकंच परवडतं, हेही महाराष्ट्राच्या फुटबॉलचं एक चित्रच.

माझं मत विचाराल तर मैदान ठरवण्याचा पहिला अधिकार प्रशिक्षकाचा हवा, गट जाहीर झाल्याच्या आठवड्यातच आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्यागणिक. जमील मुंबईच्या फुटबॉलमध्ये मुरलेले. कुठल्या मैदानावर चेंडू कसा उसळतो, हे त्यांना महासंघाच्या कार्यालयापेक्षा जास्त कळतं. राज्य सरकारांच्या निमंत्रणांचा विचार त्यानंतर.

या पात्रता फेरीत हाँगकाँगचा भारतातला सामना २०२६च्या मार्चअखेरीस ठरला. गुणतक्त्यात आपल्याला त्यातून काही मिळायचं नाही, म्हणजे प्रयोगाला भीतीही नाही. असा सामना बालेवाडीत ठेवावा आणि तिकिटांचा पहिला गठ्ठा पुण्यात न विकता शाहू स्टेडियमच्या दारात विकायला बसावं. एसटीच्या जादा गाड्या कोल्हापूरकर स्वतःच मागून घेतील.